वायरीतून आवाज जात नाही

कपलरची पेटी ज्यांनी लहानपणी जवळून पाहिली असेल, त्यांना एक गंमत आठवत असेल. कपलर लावून एक पट्टी दाबली की सप्तकापलीकडची त्याच स्वराची पट्टी आपोआप खाली बसते. तिच्यावर कोणाचेच बोट नसते. लहान मुले आधी त्या पट्टीकडे पाहतात, मग वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे, आणि मग पेटीच्या मागे कोणी बसले आहे का ते. आत तारांची साधी जोडणी असते, एवढेच रहस्य. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये तर पट्ट्यांच्या दोन-दोन, तीन-तीन रांगा एकीवर एक असतात आणि एका रांगेवर बोटे ठेवून दुसरीचे नळे वाजवण्याची सोय असते. बोट इथे आणि आवाज तिथे, ही कल्पना विजेच्या कितीतरी आधीची आहे.

आमचे बेळगाव हे पेटीचे गाव. विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे यांची नावे इथे घरच्या वडीलधाऱ्यांसारखी घेतली जातात. मराठी घरात पेटीवर नाट्यपदे वाजली, कानडी घरात वचने आणि दासरपदे वाजली. पेटीला मात्र दोन्ही घरांत पेटीच म्हणतात. अशा गावात कीबोर्ड वाजवणाऱ्याला फार भाव नसतो. मी बँकेत नोकरी करीत असे आणि रात्री गणपतीच्या, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवीत असे. मला पेटी शिकवलेल्या मास्तरांना हे ठाऊक होते. ते रागावत नसत. "त्याला भाता कुठाय?" एवढेच विचारत, आणि माझ्याकडे उत्तर नसे.

मास्तरांचे घर शहापुरात. दोन खोल्या, समोर कट्टा, कट्ट्यावर चपलांचा ढीग. मुले दोन्ही भाषांची. मास्तर मराठी, पण कानडी मुलाला चुकलेला कोमल निषाद कानडीतूनच सुनावत. माझा एक मित्र त्यातलाच. घरी कानडी, बाजारात मराठी आणि आमच्याशी बोलताना एकाच वाक्यात दोन्ही. त्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. संगीताचे वेड माझ्याहून काकणभर जास्तच.

१९९५ च्या पावसाळ्यात मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, उजवा हात वाचला. डावा हात आणि डावा पाय गेला. भेटायला येणारे म्हणत, "देवाची कृपा, वाजवायचा हात तरी राहिला." पेटी न वाजवणाऱ्याला असेच वाटणार. उजवा हात स्वर निवडतो, हे खरे; पण त्या स्वराला दम देतो तो भात्यावरचा डावा हात. कुठे वाऱ्याची झुळूक यावी इतकाच भाता, कुठे समेवर येताना भरून घेतलेला, कुठे स्वर विझत जावा म्हणून सोडून दिलेला. मास्तरांची सारी कमाई त्या डाव्या हातात होती.

काकूंनी समोर बसून भाता मारून पाहिला. मीही पाहिला. दोन दिवसांनी मास्तरांनीच हात आखडता घेतला. म्हणाले, "दुसऱ्याच्या श्वासानं बोलता येत नाही रे." त्यानंतर पेटीवर कापड पडले. शिकवणीची मुले महिनाभर येऊन कट्ट्यावर बसली आणि मग येईनाशी झाली.

माझा कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवावा असे मला वाटे, पण धीर होत नव्हता. पट्ट्या हलक्या होत्या, भाता लागत नव्हता, मागे पायाच्या पेडलासाठी एक भोकही होते. पण त्यातला 'हार्मोनियम' नावाचा आवाज मास्तरांना ऐकवणे म्हणजे अपमान करणे होते. उलट मित्राकडे एक जुना सिंथेसायझर पडून होता. गोव्याच्या एका बँडवाल्याकडून त्याने तो जुन्यात घेतला होता. त्याचा आवाज असा भरदार, की एकेक स्वर खोलीभर पसरावा. पण मधल्या सप्तकातल्या निम्म्या पट्ट्या मेलेल्या आणि सुटे भाग मिळण्याची आशा नाही. म्हणजे एका वाद्याला हात होते पण गळा नव्हता. दुसऱ्याला गळा होता पण हात मोडलेले.

दोन्हींच्या पाठीला पाच टाचण्यांचे गोल सॉकेट होते आणि त्याखाली चार अक्षरे होती : मिडी.

या चार अक्षरांची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९८० च्या आधीही एक सिंथेसायझर दुसऱ्याला जोडता येई, पण बहुधा एकाच घराण्यातला असला तर. काही कंपन्यांची वाद्ये एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर चढत. काहींचा हिशेब कंपनांच्या पटीत चाले. एकाची खूण दुसऱ्याला कळत नसे, आणि कळली तरी उलटी कळे. १९८१ साली जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी अमेरिकेतल्या टॉम ओबरहाइम यांच्याकडे विषय काढला, की सर्वांची मिळून एक खूणभाषा का असू नये? हे काकेहाशी तरुणपणी घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करीत असत. ओबरहाइम यांनी ती गोष्ट सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीच्या डेव्ह स्मिथ यांच्या कानावर घातली. स्मिथ यांनी चेट वुड या सहकाऱ्याबरोबर पहिला आराखडा मांडला. पुढे यामाहा, कॉर्ग, कावाई या जपानी कंपन्याही त्यात आल्या. एकाच बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारी ही मंडळी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडले गेले, आणि एकाच्या पट्ट्यांवर दुसरा वाजला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडीचे नियम छापून निघाले. ते वापरायला कोणीही कोणाला पैसा द्यायचा नाही, असे ठरले. ते वाद्यावाद्यांतून पसरले, त्याचे मोठे कारण हेच असावे.

आम्हांला मात्र त्या वेळी एवढे पुरे होते, की दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलतील.

तयार वायर बेळगावात मिळाली नाही. मित्राने खडेबाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या टेपरेकॉर्डरचे दोन पाचटाचणी प्लग आणले आणि वायर स्वतः झाळली. पाच टाचण्यांपैकी निरोपाच्या कामाच्या दोनच, चौथी आणि पाचवी. दुसरी टाचणी वायरीच्या जाळीला. पहिली आणि तिसरी रिकामीच. "पाच भावांत दोघंच कमावणारे," मित्र म्हणाला. "आमच्या घरासारखंच की."

१९९६ च्या जानेवारीत एका रविवारी आम्ही दोन्ही वाद्ये रिक्षातून शहापुरात नेली. मास्तर लाकडी खुर्चीत बसले होते. त्यांच्यापुढे टेबलावर माझा कीबोर्ड ठेवला आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पेटीशेजारी, मित्राचा सिंथेसायझर. माझ्या कीबोर्डाच्या 'आउट'मधून वायर निघाली ती त्याच्या 'इन'मध्ये गेली. मग मी माझ्या कीबोर्डाचा आवाज पुरता बंद केला.

"मास्तर, बारसरी," मित्र म्हणाला.

मास्तरांनी काळी एक दाबली. त्यांच्या पुढ्यातले वाद्य गप्पच राहिले आणि कोपऱ्यातून षड्ज उमटला. त्यांनी बोट उचलले, षड्ज थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा उमटला. मास्तर वायरीकडे बघत राहिले.

"यातनं सूर जातोय?"

"नाही मास्तर. सूर जात नाही," मी म्हटले.

मिडीत समजून घ्यायची गोष्ट असेल तर ती एवढीच. त्या वायरीतून आवाज जात नाही. पेटीचा नाही, बासरीचा नाही, कसलाच नाही. जाते ती हाताने काय केले याची बातमी. काळी एक दाबली की तीन आकडे निघतात : १४४, ६१, आणि समजा ६४. पहिला सांगतो, की पहिल्या वाहिनीवर एक पट्टी दाबली गेली. दुसरा सांगतो कोणती. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६० धरली आहे, म्हणून काळी एक ६१. तिसरा सांगतो किती जोराने, एक ते एकशे सत्तावीसच्या मापात. बोट उचलले की पुन्हा एक निरोप, त्यात जोराच्या जागी शून्य असले तरी चालते. वायरीतून सेकंदाला ३१,२५० खुणा धावतात. तीन आकड्यांचा निरोप पोचायला सेकंदाचा हजारावा भागही पुरता लागत नाही. कानाला तो विलंब कळत नाही. आणि निरोप घेणाऱ्या वाद्याच्या दारात तर तारही संपते. तिथे एक इवलासा दिवा लुकलुकतो आणि समोरचा डोळा ती लुकलुक वाचतो. एका वाद्याची वीज दुसऱ्यात शिरू नये, घरघर येऊ नये, म्हणून ही व्यवस्था. मोटारी गुंडाळणाऱ्या माझ्या मित्राला या दिव्याचे फार कौतुक. म्हणे, "शेजार असा असावा. निरोप पोचला पाहिजे, शॉक नाही."

मास्तरांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग या वायरीतनं जातंय ते मराठी की कानडी?"

"आकडे, मास्तर."

"आकडे होय? मग बरं," ते म्हणाले, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

पण हसण्याने पेटी होत नाही. त्या दिवशी त्यांनी पाच मिनिटे वाजवले आणि हात मागे घेतला. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. एक, आवाज पेटीचा नाही. दोन, आवाज उभा आहे, त्याला चढउतार नाही. दुसरी तक्रार म्हणजे तोच जुना प्रश्न : भाता कुठाय?

पहिल्या तक्रारीवर मित्र तीन आठवडे बसला. दुकान बंद केल्यावर तो रोज मास्तरांकडे जाई. त्याच्या सिंथेसायझरात प्रत्येक स्वरामागे दोन ध्वनी मिळवता येत. एक त्याने सप्तकभर खाली नेला, तो खर्ज. दुसरा जागेवर ठेवला, तो नर. मग दुसऱ्याला अगदी केसाएवढा बेसूर केला, कारण खऱ्या पेटीत दोन सूर तंतोतंत जुळत नाहीत आणि त्या न जुळण्यातच तिचा गोडवा असतो. वरची कर्कश धार कापली, लाकडातून आल्यासारखी वाटावी म्हणून. आणि पट्टी जोराने दाबली तर आवाज मोठा, ही यंत्राची सवय त्याने पार काढून टाकली. पियानोवाल्याला ती हवी. पेटीवाला पट्टीवर घाव घालत नाही. त्याचा जोर पट्टीत नसतोच. मास्तर नुसते मान हलवीत : नाही, नाही, अजून नाही. एका रात्री मान हलायची थांबली.

दुसऱ्या तक्रारीवर आधी एक सोपा उपाय झाला. मित्र कोपऱ्यात बसून मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत आवाजाचे बटण फिरवू लागला. मास्तरांनी ते एकदाच चालवून घेतले. काकूंच्या भात्याला जे कारण दिले होते, तेच याला होते. दुसऱ्याचा श्वास.

मग माझ्या कीबोर्डामागच्या त्या भोकाची पाळी आली. मिडीत पट्ट्यांखेरीज दुसऱ्याही बातम्या जातात. त्यातली सात नंबरची बातमी आवाज किती ठेवायचा ते सांगते, शून्य ते एकशे सत्तावीस अशा पायऱ्यांनी. पायाने दाबायचे पेडल जोडले, की पाऊल जसे झुकेल तशी ही बातमी त्याच वायरीतून, स्वरांच्या आगेमागे, धावत राहते. मास्तरांचा उजवा पाय शाबूत होता. मी हुबळीहून पेडल मागवले. मास्तरांना ते नवे वाटले नाही. तरुणपणी त्यांनी नाटक मंडळींच्या पायपेट्या पाहिल्या होत्या. पाऊल ठेवत ते म्हणाले, "म्हणजे भाता खाली गेला म्हणायचा."

आठ दिवस त्यांचे पाऊल चुकत होते. स्वर मध्येच गडगडे, मध्येच बुडे. नवव्या दहाव्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा दारातच थांबलो. आत यमन चालला होता. तीव्र मध्यमावरून पंचमावर येताना आवाज किंचित भरून आला आणि पंचमावर टेकल्यावर हळूहळू सोडून दिला गेला. ते भरणे, ते सोडणे मी वीस वर्षे ऐकले होते. ते मास्तरांच्या डाव्या हाताचे होते. तो हात मांडीवर निपचित पडला होता आणि त्याचे काम उजव्या पावलाने उचलले होते. आवाज जपानी यंत्राचा, तोही मित्राने घडवलेला, पट्ट्या माझ्या, मधे झाळलेली वायर. पण खोलीत वाजवणारा एकच होता, आणि तो कोण याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

तेव्हापासून मला वाटते, आपण वाजवणाऱ्याला आवाजावरून ओळखतो हे अर्धेच खरे आहे. आपण त्याला तो काय करतो यावरून ओळखतो. कुठे थांबतो, कुठे घाई करतो, स्वर सोडताना किती मागे रेंगाळतो, यावरून. आणि हे सारे त्या आकड्यांत मावते. मावत नाही तेही आहेच. बारा स्वरांच्या पट्ट्या त्या पट्ट्याच, त्यांच्यामधली जागा पेटीलाही कधी मिळाली नाही. त्यासाठी १९४० साली नभोवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे बरीच वर्षे राहिली. परकी पेटी म्हणूनही तिला खूप ऐकावे लागले. जन्म तिचा फ्रान्सचा, १८४० च्या सुमाराचा. आज तिला परकी म्हणायला कीर्तनकार तयार होणार नाही. तेव्हा एखाद्या वाद्याला "हे आपले नव्हे" म्हणण्याआधी थोडे थांबावे, हे आम्हां पेटीवाल्यांना तरी कळायला हवे.

मुले हळूहळू परत आली. मास्तर खुर्चीत बसून उजव्या हाताने दाखवत, मुले खाली बसून खऱ्या पेट्यांवर उचलत. त्या काळातला एक प्रसंग सांगतो. शेजारचा एक लहानगा धावत आला आणि वायरीत पाय अडकून पडला. वायर निसटली. त्या क्षणी मास्तरांचे बोट षड्जावर होते. पट्टी दाबल्याची बातमी पोचली होती. उचलल्याची निघाली, पण वाटच उरली नव्हती. कोपऱ्यातला षड्ज थांबेना. काही वाद्ये थोड्या थोड्या वेळाने "मी आहे" असा निरोप धाडतात आणि तो बंद पडला की ऐकणारे वाद्य आपण होऊन गप्प होते. आमच्या जोडीत ती सोय नव्हती. मित्राने वायर पुन्हा खुपसली आणि तो यंत्राचे बटण बंद करायला गेला. मास्तरांनी हात वर केला.

"राहू दे. चांगला लागलाय."

त्या अडकलेल्या षड्जाचा त्यांनी तंबोरा केला. गंधार, पंचम, निषाद घेत ते पंधराएक मिनिटे फिरले, षड्जाला मात्र बोट लावले नाही. मुले कधी नव्हे इतकी शांत बसली होती. शेवटी सावकाश खाली उतरून त्यांनी काळी एक दाबली आणि उचलली. या वेळी उचलल्याची बातमी पोचली. तंबोरा थांबला.

मास्तर २००३ साली गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत शिकवणी चालू होती.

काकेहाशी २०१७ मध्ये गेले, डेव्ह स्मिथ २०२२ मध्ये. २०१३ साली त्या दोघांना मिडीसाठी तांत्रिक ग्रॅमी मिळाले होते. मित्राचा सिंथेसायझर अजून बोलतो. मेलेल्या पट्ट्यांत आणखी चारांची भर पडली आहे एवढेच. त्याची मुलगी परवा त्याला संगणक जोडत होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या यंत्राला आजच्या संगणकाने १४४, ६१, ६४ म्हटले आणि त्याने मुकाट्याने षड्ज दिला. इतक्या वर्षांत ना त्या तीन आकड्यांचा अर्थ बदलला, ना कोणी तो बदलू दिला.

मिडीची एक उणीव मात्र पहिल्यापासून होती. वायर एकाच दिशेने बोलते. धाडणाऱ्याला कळत नाही, की पलीकडे कोणी आहे का, त्याला किती येते, सांगितलेले पोचले का. दोघांना बोलायचे तर दोन वायरी लागतात, आणि तरीही विचारपूस करण्याची रीत सुरुवातीला नव्हतीच. जानेवारी २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती ठरली. तिच्यात जोडलेली दोन वाद्ये आधी एकमेकांना विचारतात, तुला काय काय समजते? समोरच्याला नवे समजत नसेल, तर जाणते वाद्य जुन्या भाषेत बोलते.

हे वाचले तेव्हा मित्राला सांगितले. तो म्हणाला, "त्यात नवं काय? मास्तर वाजवून झालं की माझ्याकडं बघायचे की. मी मान हलवली की पुढं जायचे. दुसरी वायर तीच होती."